खरा ‘मी’ कोणता, आणि तो घडतो कसा?

पत्रातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: “वय सत्तावीस. घरी मी गप्प असते, ऑफिसात बोलकी, मैत्रिणींमध्ये टवाळखोर. एकटी असले की यातली एकही नसते. बाकीच्यांना पंचविशीपर्यंत आपण कोण ते कळलेलं असतं, मला अजून कळलेलं नाही. रोज डायरी लिहिते, स्वतःचा शोध घेते, हाती काही लागत नाही. माणसात ‘मी’पण येतं कुठून, आणि माझं नेमकं कुठे अडलंय?”

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मला सतत भेटतो. विचारणारा सतरा वर्षांचा असतो, तसाच साठीचाही असतो. उत्तराचा गाभा आधीच सांगते. तुम्ही शोधताय ती जागा चुकली आहे. आत कुठेतरी तयार ‘मी’ बसलेला आहे आणि नीट खणलं की तो हाती लागेल, असं तुम्ही धरून चालला आहात. माणसाचा ‘मी’ घडतो तो बराचसा बाहेर: इतरांच्या सहवासात, घेतलेल्या निर्णयांत, आणि झालेल्या गोष्टी कुणाला तरी सांगताना. हे कसं होतं ते पाहिलं की तुमचं कुठे अडलंय तेही आपोआप दिसेल.

सुरुवात शरीरापासून होते. नवजात बाळाच्या गालाला दुसऱ्या कुणाचं बोट लागलं की ते त्या बाजूला तोंड वळवतं. त्याचाच हात त्याच्या गालाला लागला तर तसं वळण्याचं प्रमाण खूपच कमी असतं. फिलिप रोशा आणि सुझन हेस्पॉस यांनी हे १९९७ मध्ये नोंदवलं. म्हणजे ‘हा स्पर्श माझा, तो दुसऱ्याचा’ एवढा भेद अगदी पहिल्या दिवसांतही असतो. त्याला जाणीव म्हणायचं की नाही यावर वाद आहे, आणि तो इथे सोडून देऊ.

पुढची पायरी आरशाची. ब्यूला ॲम्स्टरडॅम यांनी १९७२ मध्ये मुलांच्या नाकाला त्यांच्या नकळत रंगाचा ठिपका लावून त्यांना आरशासमोर आणलं. एक वर्षाच्या आसपासचं मूल आरशातल्या बाळाकडे बघून हसतं, त्याला थोपटतं, आरशामागे कोण आहे ते बघायला जातं. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलांचा हात स्वतःच्या नाकाकडे जायला लागतो. या प्रयोगातली आणखी एक नोंद फारशी सांगितली जात नाही, मला मात्र ती जास्त महत्त्वाची वाटते. याच सुमारास मुलं आरशासमोर लाजायला लागतात, मान फिरवतात, चोरून बघतात. ‘हा मी’ हे कळलं, की पाठोपाठ ‘मी दिसतोय’ हेही कळतं. तुमच्या प्रश्नातला निम्मा त्रास याच दुसऱ्या जाणिवेचा आहे.

तरीही दोन वर्षांच्या मुलाचा ‘मी’ फक्त आत्तापुरता असतो. डॅनियल पोव्हिनेली आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये खेळता खेळता मुलांच्या डोक्यावर गुपचूप मोठं स्टिकर चिकटवलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि काही मिनिटांनी ते मुलांना दाखवलं. दोन-तीन वर्षांची बहुतेक मुलं पडद्यावर स्टिकर बघूनही डोक्याला हात लावेनात. चार वर्षांची बहुतेक मुलं मात्र लगेच डोकं चाचपून ते काढत. ‘मघाशी होता तो मीच, आणि आत्ता आहे तोही मीच’ हा धागा साधारण चौथ्या वर्षाकडे जुळतो.

हा धागा मूल एकट्याने ओवत नाही. घरात झाल्या गोष्टींबद्दल कसं बोलतात यावर बरंच अवलंबून असतं. दोन संवाद ऐका. पहिला: “काल कुठे गेलो होतो आपण?” “पाण्यात.” “बरोबर. कोण कोण होतं?” “बाबा.” “शाब्बास.” दुसरा: “काल पाणी बघून तू आधी मागे पळालास, आठवतं?” “लाट आली.” “हो ना, केवढी मोठी! मग काय केलंस?” “मग गेलो.” “एकटाच?” “तुझा हात धरून.” “आणि मग भीती गेली की राहिली?” पहिल्या संवादात परीक्षा चाललीय. दुसऱ्यात त्या मुलाला स्वतःबद्दलची एक छोटी गोष्ट मिळाली: मी घाबरलो होतो, तरी गेलो. रॉबिन फिव्हश, कॅथरिन नेल्सन यांच्यासारख्या संशोधकांनी अनेक वर्षं असे संवाद तपासले. दुसऱ्या तऱ्हेने बोलणाऱ्या पालकांची मुलं पुढे आपल्या आठवणी जास्त तपशिलाने, जास्त सुसंगतपणे सांगतात असं त्यातून दिसलं. आपण कोण याचा पहिला मसुदा असा दोघांच्या बोलण्यातून लिहिला जातो.

अर्थात याच वाटेने शिक्केही बसतात. ‘हा रडका’, ‘ही हुशार’, ‘हा कुणाचं ऐकत नाही’. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये मांडलेला विचार इथे अजून लागू पडतो. आपली स्वतःबद्दलची कल्पना घडवण्यात, इतरांना आपल्याबद्दल काय वाटतं त्याहून, त्यांना काय वाटत असेल असं *आपण समजतो* त्याचा वाटा मोठा असतो. या दोन्हींत कधीकधी केवढं अंतर असतं! ज्या शिक्षकाच्या एका वाक्याचं ओझं कुणी तीस वर्षं वाहतं, त्या शिक्षकाला ते वाक्य दुसऱ्या दिवशीही आठवलं नसेल.

आता पौगंडावस्था. इथे जरा थांबू, कारण तुम्ही जे वर्णन केलंय ते इथलंच आहे. सुझन हार्टर यांनी मुलांना ‘तू आईबरोबर कसा असतोस, वडिलांबरोबर कसा, मित्रांबरोबर, वर्गात’ असं वेगवेगळं विचारलं. बारा-तेरा वर्षांची मुलं परस्परविरुद्ध उत्तरं देतात आणि त्यांना त्यात काही खटकत नाही. चौदा-पंधराच्या सुमारास विसंगती दिसायला लागते आणि टोचायलाही: मी मित्रांत एवढा हसतो आणि घरी चिडका, मग मी खरा कोणता? अठराच्या आसपास बऱ्याच जणांना दोन्ही बाजूंना सामावून घेणारं वाक्य सापडायला लागतं. उदाहरणार्थ, ‘मोकळं वाटलं की मी बोलतो, नाहीतर बघत राहतो.’ विसंगती असतेच, पण तिला कारण मिळतं. तुम्हालाही असं एखादं वाक्य सापडायचं राहिलंय, एवढंच मला दिसतं. नवं काम, नवी माणसं, नव्या जबाबदाऱ्या आल्या की पंधराव्या वर्षीचा हा गोंधळ सत्ताविसाव्या वर्षी पुन्हा उसळतो, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं.

याच वयात आणखी एक गोष्ट जडते. आपल्यावर सतत कुणाची तरी नजर आहे असं वाटत राहतं. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये याला काल्पनिक प्रेक्षक म्हटलं. मोठेपणी ते प्रेक्षक कमी होतात, पूर्ण उठून जात नाहीत. टॉमस गिलोविच यांच्या २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, एका गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांना तो दिसला असणार, असा घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात टी-शर्टवर कोण होतं हे सुमारे पाव लोकांनाच सांगता आलं. ‘मी घरी वेगळी, बाहेर वेगळी’ याची जी नोंद तुम्ही ठेवताय ती दुसरं कुणीही ठेवत नाही.

मग मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांचं सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीचं म्हणणं मान्य करायला सोपं जातं. जितकी माणसं आपल्याला ओळखतात, आपली प्रतिमा मनात बाळगतात, तितके आपले सामाजिक ‘मी’ असतात, असं त्यांनी १८९० मध्ये मांडलं. जागेनुसार बदलणं हे निरोगी माणसाचं लक्षण आहे. जो माणूस साहेबाशी, बाळाशी आणि शोकात असलेल्या मित्राशी अगदी सारखाच वागतो, त्याच्याबद्दल मला जास्त काळजी वाटेल.

पण सगळं बदलणं एका जातीचं नसतं. इथे मी दोन प्रश्न विचारते. त्या जागेतून बाहेर पडल्यावर तुम्हाला कसं वाटतं? आणि तिथे तुम्ही जे दाखवत नाही ते दाखवलं असतं तर काय झालं असतं? ऑफिसात बोलकं राहून दमायला होत असेल, पण समाधान वाटत असेल, तर तो तुमचाच एक भाग आहे. घरी गप्प राहणं हा आराम असेल तर तोही तुमचाच. पण घरी गप्प राहणं हा बंदोबस्त असेल, बोललं की टोमणा येणार, माया आखडती घेतली जाणार या भीतीपोटी तोंड मिटलं जात असेल, तर गोष्ट वेगळी. अटी घालून स्वीकारली जाणारी मुलं खोटं वागायला जास्त शिकतात, हे हार्टर यांच्याच कामातून पुढे आलं. त्या खोटेपणाचा दोष मुलांवर टाकू नये. त्या वयात तोच त्यांचा बचाव असतो. अडचण येते ती नंतर, धोका टळल्यावरही बचाव चालू राहतो तेव्हा.

‘बाकीच्यांना पंचविशीपर्यंत कळलेलं असतं’ या तुमच्या वाक्याशी माझं सगळ्यात जास्त भांडण आहे. अस्मितेचा पेच, म्हणजे ‘आपण कोण’ हा गोंधळ, ही कल्पना रुजवणारे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांना आपले जन्मदाते वडील कोण हे आयुष्यभर कळलं नाही. ते सावत्र वडिलांच्या आडनावाने वाढले आणि १९३९ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्यांनी एरिक्सन हे आडनाव स्वतःसाठी निवडलं. तरुणपणी काही काळ निर्णय लांबणीवर टाकून चाचपडत राहणं गरजेचं असतं, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये हा विचार तपासण्याजोगा केला. त्यांनी कॉलेजच्या मुलांना व्यवसाय, धर्म, राजकारण याबद्दल विचारताना दोन गोष्टी पाहिल्या: याने पर्याय धुंडाळले आहेत का, आणि कशाला तरी बांधून घेतलंय का? दोन्ही केलेले काही निघाले, दोन्ही न केलेले काही. काही जण अजून धुंडाळत होते, तुमच्यासारखे. आणि चौथा गट होता न धुंडाळताच बांधून घेतलेल्यांचा. वडिलांचा व्यवसाय, घरचे विचार, ठरवून मिळालेलं सगळं, प्रश्न कधी पडलेलाच नाही.

बाहेरून हा चौथा गट सगळ्यात ठाम दिसतो. ‘बाकीच्यांना कळलेलं असतं’ असं तुम्हाला वाटतं त्यातले बरेच जण याच गटातले असावेत, असा माझा कयास आहे. त्यातले काही आयुष्यभर सुखाने राहतात, उगाच कुणाच्या घराचा पाया उकरायला जाऊ नये. पण यांच्यापैकीच काही जण नोकरी गेल्यावर, लग्न मोडल्यावर किंवा निवृत्तीनंतर माझ्यासमोर बसतात तेव्हा त्यांच्याकडे चाचपडण्याचा सरावच नसतो. तुम्ही तो आत्ता करताय. शिवाय २०१० मध्ये जेन क्रोगर आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा शोधून मग ठरवणं हा टप्पा तरुण वयातही अनेकांनी गाठलेला नव्हता. आणि गाठणारेही तिथे कायमचे राहत नाहीत. मूल झालं, आजारपण आलं, काम बदललं की पुन्हा शोध, पुन्हा निर्णय अशी फेरी चालू राहते.

आता एक कागद घ्या. वीस ओळी, प्रत्येकीची सुरुवात ‘मी’ने. मॅनफर्ड कून आणि टॉमस मॅकपार्टलंड यांनी १९५४ मध्ये ही पद्धत मांडली, मी ती अजून वापरते. पहिल्या पाच-सहा ओळी भराभर होतात: मी मुलगी आहे, मी इंजिनिअर आहे, मी कुणाची तरी बहीण आहे. मग वेग मंदावतो आणि गुण-दोष येतात: मी हळवी आहे, मी आळशी आहे. दहाव्या-अकराव्या ओळीशी पेन थांबतं. लोक माझ्याकडे बघतात, खिडकीकडे बघतात, ‘अजून किती राहिल्या?’ विचारतात. मी काही बोलत नाही. त्यानंतर जे उतरतं ते ऐकण्यासारखं असतं: ‘मी कुणाला नाही म्हणू शकत नाही.’ ‘मी भावावर अजून रागावलेली आहे.’ ‘मी चित्रं काढायचे.’ त्या ‘काढायचे’मधल्या भूतकाळावर आमचं अख्खं सत्र जातं.

या कागदावरून संस्कृतीतला फरकही दिसतो. काही समाजांतली माणसं स्वतःबद्दल सांगताना गुण आणि आवडी पुढे करतात, काही समाजांतली नाती आणि जबाबदाऱ्या. हेझेल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी १९९१ मध्ये हा भेद मांडला. त्यामुळे ‘नाती बाजूला काढल्यावर जे उरतं तोच खरा मी’ हा हट्ट धरू नका. कुणाची तरी बहीण असणं हे तुमच्यावर चढवलेलं आवरण नाही, तुम्ही त्यातूनही घडला आहात.

मग सगळं एवढं बदलतं, तर टिकतं काय? आठवणी, असं बहुतेक जण म्हणतात. कॅनडातले केंट कॉक्रेन यांना १९८१ च्या मोटरसायकल अपघातानंतर आपल्या आयुष्यातला एकही प्रसंग आठवेना. तरी स्वतःच्या स्वभावाबद्दल त्यांनी दिलेली उत्तरं त्यांच्या आईने केलेल्या वर्णनाशी जुळत होती. आणखी नवल म्हणजे अपघातानंतर त्यांचा स्वभाव बदलला होता, आणि त्यांची उत्तरं त्या बदललेल्या स्वभावाची होती. एंडेल टल्व्हिंग यांनी हे १९९३ मध्ये लिहिलं. प्रसंग पुसले गेले तरी स्वतःची काही ओळख शिल्लक राहू शकते, आणि नव्याने जमूही शकते.

दुसरं उदाहरण नीना स्ट्रोमिंगर आणि शॉन निकोल्स यांच्या २०१५ च्या अभ्यासाचं. मेंदूचे वेगवेगळे ऱ्हासाचे आजार झालेल्यांच्या जवळच्या माणसांना त्यांनी विचारलं: हा माणूस अजून तोच वाटतो का? ‘हा आता तो राहिला नाही’ ही भावना सगळ्यात जास्त कुठे आली? प्रामाणिकपणा, दया, निष्ठा असे नैतिक गुण बदलले तिथे. नुसती स्मृती गेलेल्यांच्या बाबतीत ती इतकी तीव्र नव्हती. तुम्ही घरी गप्प की बाहेर टवाळखोर, याला तुम्ही एवढं महत्त्व देताय, पण आपल्या माणसांच्या लेखी ‘ही तीच’ ठरण्यासाठी ती बाब फार वरवरची आहे. अडचणीत तुम्ही कशा वागता, दिलेला शब्द पाळता का, दुबळ्याला चिरडता की सावरता, हे तीनही ठिकाणी बहुधा सारखंच असणार. एकदा तपासून बघा.

डायरीबद्दल. पॉल ट्रॅपनेल आणि जेनिफर कॅम्पबेल यांनी १९९९ मध्ये आत्मपरीक्षणाचे दोन प्रकार वेगळे केले: कुतूहलाने बघणं, आणि भीतीपोटी तेच ते उगाळणं. दुसऱ्या प्रकाराचं नातं अस्वस्थतेशी आहे. ‘मी कोण आहे?’ असा मथळा रोज लिहिला की उगाळणंच होतं. त्याऐवजी त्या दिवशीचा एक प्रसंग लिहा: कशाला हो म्हटलं, कशाला नाही, कुठे वेळेचं भान राहिलं नाही, कुठे स्वतःची लाज वाटली. विशेषणं टाळा, क्रियापदं लिहा. इंटरनेटवरच्या व्यक्तिमत्त्व चाचण्या माणसाचा ‘प्रकार’ चार अक्षरांत सांगतात, ते गमतीपुरतं ठीक. तसल्या प्रकारवारीत काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो.

लिहिणं मात्र पुरत नाही. सांगावं लागतं, आणि ऐकणारा नीट निवडावा लागतो. पौगंडावस्थेच्या उत्तरार्धात माणूस आपल्या आयुष्याची सलग कहाणी रचायला लागतो, ‘हे झालं म्हणून मी अशी झाले’ अशी. मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकॲडम्स यांचं बरंचसं काम या कहाणीवर आहे. मोनिशा पसुपती यांनी दाखवलं की ऐकणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे असेल तर सांगणारा कमी सांगतो, आणि पुढे ती गोष्ट त्याला आठवतेही कमी. फोनमध्ये डोकं घालून ‘हं, हं’ करणाऱ्या माणसाला तुमची महत्त्वाची गोष्ट पहिल्यांदा सांगू नका. लगेच सल्ला देणाऱ्यालाही नको.

आणि जे सापडेल ते कायमचं असेल ही अपेक्षा सोडा. जॉर्डी क्वाडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी २०१३ मध्ये १८ ते ६८ वयाच्या १९,००० हून अधिक लोकांकडून हे तपासलं. गेल्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो असं लोक मान्य करत होते, पुढच्या दहा वर्षांत मात्र फारसे बदलणार नाही असं त्यांना वाटत होतं. कुठल्याही वयाचे लोक याला अपवाद नव्हते.

एक सूचना वेगळी काढून सांगते. आपण आपल्यालाच बाहेरून बघतोय, आजूबाजूचं सगळं खोटं आहे असं वारंवार आणि बराच काळ वाटत असेल, मधल्या काळातलं काही आठवतच नसेल, किंवा पोकळी इतकी असह्य होत असेल की स्वतःला इजा करावीशी वाटते, तर डायरी आणि मैत्रिणी यांच्यावर विसंबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना लवकर भेटा. तुमच्या पत्रात असं काही दिसत नाही, तरी हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं तसं असू शकतं.

तुमच्यासाठी सुरुवात घरापासून करावी असं मला वाटतं. ऑफिसात ज्या विषयावर तुम्ही मोकळेपणी बोलता त्यातली एक छोटी गोष्ट या आठवड्यात घरी सांगा. मत नको, घडलेला प्रसंग सांगा, आणि घरात तुम्हाला त्यातल्या त्यात सोपं वाटणाऱ्या माणसालाच सांगा. त्यांनी काय केलं आणि तुमच्या घशाचं, पोटाचं, हातांचं काय झालं, हे त्याच रात्री लिहून ठेवा. टोमणा आला तर तुमचा बंदोबस्त अजून कामाचा आहे असं समजायचं, आणि बोलण्यासाठी घराबाहेरचं माणूस आधी शोधायचं. टोमणा न येता पुढचा प्रश्न आला, तर पुढच्या आठवड्यात थोडी मोठी गोष्ट सांगायची.